घारापुरीचा रुग्ण

घारापुरी म्हटली कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें लेण्यांतील त्रिमूर्तीच उभी राहते. अपोलो बंदरावरून सकाळच्या लाँचनें निघावें, तासाभरांत बेटावर उतरावें, पायऱ्या चढून लेणीं पाहावीं, सावलींत फराळ उरकावा आणि दिवेलागणीपूर्वीं परतावें, असा बहुतेक कुटुंबांचा शिरस्ता. शेवटची लाँच सुटल्यावर मागें कोण राहतें, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. राहतात शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ह्या तीन वस्त्यांतील सुमारें हजार-बाराशें माणसें. बेट उरण तालुक्यांतलें. मुंबई जवळ, उरणचें मोरा बंदर त्याहूनहि जवळ. परंतु मध्यें समुद्र आहे, आणि त्याला रुग्णाची घाई कळत नाहीं.

आपल्या घरीं मध्यरात्रीं लेकराला आंकडी आली तर आपण डॉक्टरांचें दार ठोठावतों. येथें आधीं होडीवाल्याचें दार ठोठवावें लागतें. ओहोटीला होडी चिखलांत रुतलेली असावयाची. पावसाळा असला तर वाऱ्याची मर्जी सांभाळावयाची. अशा गांवीं पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणाला सुईण आणि दुखण्याला झाडपाला, ह्यांवांचून दुसरा आधार तो कोणता असणार? आणि हें कांहीं दूरच्या अरण्यांतलें खेडें नव्हे. पाण्यापलीकडे मुंबईस १८४५ सालींच जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज हीं दोन्ही सुरू झालीं होतीं. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडींतले. ओघानें एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलें, तो हत्ती आज भायखळ्यास ह्याच डॉक्टरांचें नांव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत आहे. हत्ती समुद्र ओलांडून डॉक्टरांच्या दारीं गेला. बेटकऱ्यांनाहि तीच वाट धरावी लागली!

लशीची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली. बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें आलेली ती लस पुढें एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी जिवंत ठेवीत नेली. म्हणजे त्या काळच्या लशीला लेकराचा दंड पुरत असे. आजच्या लशींना थंडावा लागतो, आणि थंडाव्याला वीज. घारापुरीस वीज पोहोंचली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें, समुद्रतळांतून सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून! तोंपर्यंत सायंकाळीं कांहीं तास चालणाऱ्या डिझेलच्या जनित्रावर सारें बेट अवलंबून. शीतपेटी अहोरात्र चालणार कशी? लस बर्फाच्या पेटींतून होडीनें आणावी आणि त्याच दिवशीं टोंचून मोकळें व्हावें, एवढाच उपाय. विजेचें कौतुक दिव्यांसाठीं होतें, तें होवो. आमच्या मतें, माकडाच्या वा कुत्र्याच्या चाव्यावरील लस बेटावरच थंड ठेवतां यावी, ही त्या केबलची खरी किंमत.

पाणी मात्र होतें तेथेंच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसें दगावलीं. वाचलेल्यांपैकीं अनेकांना न्हावा-शेवा बंदराच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. बेटकऱ्यांचे रुग्ण ह्याच पाण्यावरून जातात. त्याच वर्षीं १२ जानेवारीस शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतु खुला झाला होता. तो बेटाच्या उत्तरेकडून जातो. पण बेटावर उतरावयास त्याला वाट नाहीं. रात्रीं त्याचे दिवे पाहत पाहतच येथील आजाऱ्याला होडींत चढवावें लागतें.