उन्हाळ्याची विचारपूस

मृगाच्या आरंभी गेवराईच्या बसस्थानकावर मुलगी उतरली, तेव्हा तिच्यापाशी पुण्यातील दोन महिन्यांचे वर्तमान साठले होते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ती एप्रिलमध्ये सदाशिव पेठेत गेली होती. अभ्यासिकेतील बारा तासांचे मौन, खानावळीतील गोडसर वरण, तिघींच्या खोलीतील आपली एक कॉट, हे सारे तिला सांगावयाचे होते. आईने विचारले ते निराळेच : पाणी किती वाजता येते, शेजारची पोरगी कोणत्या गावची, रात्री दिवा असतो का, दवाखाना किती लांब.

आई ऊसतोडीला जाते. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. दिवाळीच्या आगेमागे गाव सुटते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परमुलखात कोपीत राहणे येते. मुलूख बदलतो, पहिल्या संध्याकाळचे प्रश्न हेच.

साठोत्तरी मराठी समीक्षेने महानगराचा अनुभव बहुधा ‘परात्मता’ या संज्ञेत बसविला. संज्ञा खोटी नव्हे. अभ्यासिकेतील ते मौन तिच्यात नेमके मावते. परंतु परक्या जागी येणारा माणूस प्रथमच येत आहे आणि त्याच्या पाठीशी एक स्थिर गाव आहे, हे तिने गृहीत धरलेले असते. आईच्या प्रश्नांत भांबावलेपण नाही. तेथे आहे ती वस्ती करण्याची विद्या, आणि आपल्या परिभाषेत (जिला शब्दांची वाण कधीच नव्हती) तिला नाव नाही.

पाण्याची वेळ मुलीने अचूक सांगितली. शेजारच्या कॉटवरील मुलीचे गाव मात्र तिला ठाऊक नव्हते.