नाशकात उतरायचं कुठे

नाशकात राहणाऱ्या माणसाला बारा महिने एक फोन ठरलेला असतो. लांबच्या काकू असोत नाहीतर ऑफिसातल्या कुणाचे मेहुणे, विचारणं एकच: "आम्ही येतोय, उतरायला बरं ठिकाण सांगा." मी नाव सांगण्याआधी विचारते, येताय कशासाठी? बजेटचा प्रश्न त्यानंतरचा. शेकड्यांत मिळणाऱ्या खोलीपासून पाच आकडी भाड्यापर्यंत इथे सगळं आहे, पण पदरी पैसा असूनही चुकीच्या टोकाला उतरलेला माणूस हैराण होतो. रेल्वे स्टेशन नाशिकरोडला, तिथून गोदाकाठचं रामकुंड नऊ-दहा किलोमीटर. त्र्यंबकेश्वर शहरापासून जवळजवळ तीस किलोमीटर, तेही दुसऱ्या दिशेला. द्राक्षबागांकडे जायचं तर गंगापूर-सावरगावचा रस्ता धरावा लागतो.

पहाटेची गाडी असेल तर मी सरळ नाशिकरोडच सांगते. मुक्तिधामची धर्मशाळा तिथेच आहे. संगमरवरी देऊळ, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. म्हाताऱ्या माणसांचं दर्शनही तिथल्या तिथे होतं. कोर्टाच्या तारखेला येणाऱ्यांनी सीबीएस बसस्टँडजवळचं लॉज पाहावं. जिल्हा न्यायालय स्टँडला लागूनच आहे. त्या गल्ल्यांतल्या लॉजमध्ये औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तालुक्यांतले पक्षकार, मुलांच्या ॲडमिशनसाठी आलेले आईबाप असतात. तिथे भाड्याच्या आधी चेक-आउट विचारावं. रातराणीने पहाटे पाचला पोचणाऱ्याला दुपारी बाराचा चेक-आउट म्हणजे सात तासांत दिवसाचं भाडं. चोवीस तासांचा हिशेब असेल तर तीच खोली शंभर-दोनशे रुपयांनी महाग असूनही स्वस्त पडते. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा: किती ते किती? आणि बाई एकटी येणार असेल तर तसं फोनवरच सांगून पक्कं करावं. काही ठिकाणी ऐनवेळी काउंटरवर नकार मिळतो, आणि रात्री दहाला हातात बॅग घेऊन दुसरं दार शोधणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

पूर्वी हा प्रश्न पडतच नसे. नाशिक-त्र्यंबकला येणारा यजमान थेट आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात उतरायचा. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी लाल कापडात बांधलेली जाडजूड नामावळ काढत, आणि पानं उलटता उलटता पणजोबांची सही समोर येई, खाली त्यांच्या भावांची नावं, कुणाकुणाची मोडीत. त्या घरात जेवण, झोपण्यापुरती ओसरी, आणि दक्षिणा ऐपतीप्रमाणे. त्र्यंबकला नारायण नागबलीचा विधी तीन दिवस चालतो. त्यासाठी येणारी कुटुंबं आजही बऱ्याचदा गुरुजींच्याच घरी किंवा त्यांनी ठरवलेल्या खोलीत राहतात. या व्यवस्थेत जिव्हाळा होता हे खरंच. पण ती ज्याला त्याला आपापल्या जातीत आणि गावात बसवणारी होती, हेही तितकंच खरं. भूमध्य समुद्राकाठच्या अलेक्झांड्रिया बंदरात मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी वखार असे, खाली माल आणि वर मुक्काम, आणि रात्री तिचं दार बाहेरून बंद केलं जाई. परक्याला जागा द्यायची, पण कुणाची कुठे हे आधीच ठरवून: हा रिवाज जगभरचा आहे.

म्हणून मला या विषयात गाडगे महाराज फार मोठे वाटतात. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्याही देऊळ न बांधता. त्यांनी पाहिलं होतं की देवाच्या दारी आलेला गरीब माणूस रात्री उघड्यावर पडतो, आणि अस्पृश्य मानलेल्याला तर पैसे असूनही छप्पर मिळत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्यांच्या हाती ती दिली, त्या बाबासाहेबांना 1917 मध्ये बडोद्यात सरकारी नोकरी असूनही राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले थोडे दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. आणि 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह याच नाशकात सुरू झाला, गोदाघाटापासून हाकेच्या अंतरावर. हे मनात असलं की गाडगे महाराज पुलावरून जाताना मला धर्मशाळेची साधी खोली साधी वाटत नाही.

सरकारही खोलीकडे भाड्याच्या आकड्यावरून पाहतं. दिवसाला हजार रुपयांच्या आतल्या हॉटेलखोल्यांना जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून त्यांनाही तो लागला. धार्मिक न्यासांच्या आवारातल्या हजाराखालच्या खोल्या तेवढ्या सुटल्या. ही सूट राहिली याचं मला बरं वाटतं.

दुसऱ्या टोकाला गंगापूर धरणाचा परिसर. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये सुला ही वायनरी सुरू केल्यापासून त्या बाजूचं रूपच पालटलं. वेलींच्या रांगा, पलीकडे धरणाचं पाणी, आणि खोलीची अख्खी भिंत काचेची. लग्नाचा वाढदिवस असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर तिथेच जा, असं मी मनापासून सांगते. डिसेंबरातली तिथली सकाळ पैसे वसूल करते. फक्त त्याच मुक्कामात रामकुंडावर पहाटेचं स्नानही बसवू नका. दोन्ही ठिकाणी गोदावरी तीच, पण पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की वर खोलीतून दिसणारा देखणा जलाशय खाली घाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागतो. जुलै ते सप्टेंबरात घाटालगतची खोली घेणाऱ्याने आदल्या दिवशी विसर्गाची बातमी पाहून यावं.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळतो तो वेगळाच पाहुणा. धुळ्याहून, जळगावहून, मराठवाड्यातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. सात-आठ जण, एक जीप, एक तांब्या, त्याच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं. विधी दोन-तीन तासांचा. मग ओल्या अंगाने उभे मुलगे, आणि रात्रभर प्रवास करून आलेली, पाठ टेकायला जागा शोधणारी आई. यांना अख्ख्या दिवसाची खोली नको असते आणि परवडतही नाही. वस्त्रांतरगृह आहे, पण तिथे कपडे बदलता येतात, म्हातारीला तासभर झोपवता येत नाही. घाटाजवळची काही लॉजं चार तासांपुरती खोली देतात, तीही ओळखीने आणि घासाघीस करून.

2026-27 च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. तपोवनात साधुग्राम उभं राहील, तंबूंची नगरं वसतील, हॉटेलांचे दर चढतील. स्नानाला येणारा वर्षभर आधी खोली राखून ठेवू शकतो. अस्थी घेऊन येणाऱ्याला तारीख निवडता येत नाही, तो पर्वणीच्या आदल्या दिवशीही येणार. त्याच्यासाठी पंचवटीत तळमजल्यावर, पायऱ्या न चढता जाता येईल अशा दहा-पंधरा खोल्या, तासाच्या दराने आणि गरम पाण्यासह, महापालिकेने आत्ताच राखून ठेवाव्यात. सिंहस्थ आटोपल्यावरही त्या तशाच चालू राहाव्यात.