पेण पासिंग

बागमांडल्याच्या जेटीवर फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते, तेव्हा मी उतरतो आणि पाट्या वाचत रांगेच्या शेवटापर्यंत चालत जातो. समोर बाणकोटची खाडी, पलीकडे वेसवी. अलीकडे एमएच ०६, पलीकडे एमएच ०८. सावित्री मध्ये आडवी पडली आहे आणि लोखंडी बोट दिवसभर एका जिल्ह्याची माणसं दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडते. रांगेत पुण्याची १२ असते, पिंपरी-चिंचवडची १४, साताऱ्याची ११, कोल्हापूरची ०९. सुट्ट्या लागल्या की मुंबईच्या ०१, ०२, ०३ एकापाठोपाठ एक. गाड्या चढवणारा खलाशी ओरडतो, "बारावाले, डावीकडे दाबा! झीरो सिक्स, या पुढे!" आणि जो तो आपल्या आकड्याला ओ देतो.

आमच्याकडे गाडी नोंदवत नाहीत, 'पास' करतात. आणि नवी गाडी दारात आली की मॉडेलच्या आधी प्रश्न येतो, "कुठलं पासिंग?" जिल्ह्याचं ठाणं अलिबागला, पण आरटीओ पेणला, म्हणून रायगडची गाडी ती पेण पासिंगची. घरचा गणपती पेणचा आणि गाडीचा नंबरही पेणचा, असं लहानपणी फार अभिमानाने वाटायचं.

हे आकडे आले ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर; कायदा अमलात आला १ जुलै १९८९ ला. पहिले तीन आकडे मुंबईने घेतले, ०४ ठाण्याला, ०५ कल्याणला आणि मग ०६ आमच्या वाट्याला. पुढे किनाऱ्याने दक्षिणेला उतरत गेलं तर ०७ रत्नागिरीला लागायला हवा होता. पण तो एक उडी मारून सिंधुदुर्गाकडे गेला आणि रत्नागिरीला ०८ मिळाला. नकाशा पुढे घेऊन बसलो की ही उडी अजून मनात अडखळते. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्येच रायगड झालं होतं. त्यामुळे आजोबा पत्राच्या पत्त्यावर शेवटपर्यंत 'जिल्हा कुलाबा' लिहीत राहिले तरी ०६ हा आकडा कुलाब्याच्या नावावर कधी लागला नाही. पुढे पनवेलचं कार्यालय वेगळं झालं, त्याला ४६ मिळाला. जिल्हा तोच, पण श्रीवर्धनच्या एसटी स्टँडसमोर ४६ ची गाडी थांबली की चहा पिणारे आता तिच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहतात.

त्याआधी पाटीवर तीन अक्षरं असत आणि चार आकडे. बाबांची स्कूटर त्या काळातली. पुण्याहून जुनी घेतलेली. पाटीवर एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं. त्या अक्षरांतून जिल्हा ओळखायला जाणता माणूस लागे. आमच्या आळीत तसा एकच होता, ट्रकवर क्लीनर म्हणून महाराष्ट्र पालथा घातलेला, त्याने लांबूनच सांगितलं, "पुण्याची आहे." गोव्याची गाडी मात्र पोरंसुद्धा ओळखत. तिची अक्षरं जीडीने सुरू होत. गोवा, दमण आणि दीव एका प्रशासनाखाली होते, त्या दिवसांची ती खूण.

त्या तीन अक्षरांची एक पाटी आमच्या तालुक्याला विसरता येत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री स्फोटकं उतरली. ज्या पुळणीवर आम्ही तिवल्या वेचायचो, तिथून तो माल मुंबईला गेला आणि १२ मार्चला शहरात एकामागून एक स्फोट झाले. वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस उभी सापडली. पाटीवर होतं एमएफसी १९७२. त्या नंबरावरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोहोचले आणि कटाचा धागा हाती लागला. तेव्हा मी शाळेत होतो. मोठी माणसं दबक्या आवाजात शेखाडीचं नाव घ्यायची. पत्र्याच्या एवढ्याशा तुकड्यावरची सात चिन्हं किती जड असू शकतात, हे मला त्या वर्षी कळलं.

बाबांच्या स्कूटरची पाटी काळी होती. खासगी गाड्यांची तेव्हा काळ्यावर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाड्यांची पांढऱ्यावर काळी. रंगवायचा आमच्या गावातला पेंटर. आधी पत्रा खरवडून घ्यायचा, काळा ऑइलपेंट मारून दोन दिवस सावलीत ठेवायचा, मग खडूचं सूत मारून दोन रेघा आखायचा आणि ब्रशने अक्षर उतरवायचा. मिलिमीटरचा हिशेब त्याच्या डोळ्यात होता. त्याचा सात मानेत किंचित वाकलेला असे. दुकानाच्या फळ्या, शाळेचे सुविचार, जीवना बंदरातल्या होड्यांची नावं, सगळीकडे तोच वाकलेला सात आणि तीच पोट सुटलेली अक्षरं. गाव एका माणसाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं म्हणा ना.

२००० नंतर एक-दोन वर्षांत नियम बदलला. खासगी पाटी पांढरी आणि अक्षरं काळी, भाड्याची पिवळ्यावर काळी. रिक्षा आणि मिनीडोर एकदम पिवळ्या टिकलीच्या झाल्या. पेंटरकडे तेव्हा दिवाळी होती. ओट्यावर पन्नास-पन्नास पाट्या वाळत पडलेल्या मला आठवतात. बाबांच्या पाटीवरही त्याने काळ्यावरच पांढरा चढवला. पांढऱ्याच्या आत जुनी अक्षरं बरीच वर्षं उन्हात तिरपं पाहिलं की दिसत.

मग रेडियमवाला आला. कापून आणलेली चकचकीत अक्षरं, अर्ध्या तासात काम. हौसही त्याच्याबरोबर आली. २१४ असा वळवून चिकटवायचा की 'राम' वाचलं जावं, ४१४१ चा 'दादा' व्हावा. नियम सरळ आहे: अक्षरं रोमन, आकडे इंग्रजी, ठरल्या मापाचे. अपघात करून पळालेली गाडी पाहणाऱ्याला क्षणभरच दिसते आणि त्या क्षणात नंबर वाचता आला पाहिजे. म्हणून त्या 'दादा'ची बाजू मी घेणार नाही. पण सरकारने दिलेल्या चार आकड्यांत आपला देव किंवा आपलं नाव शोधणारा माणूस मला परका वाटत नाही.

सगळ्यात आपली वाटणारी गाडी मात्र आपल्या आकड्याची कधीच नसते. श्रीवर्धन आगारातून पहाटे सुटणारी लाल एसटी बघा. पाटीवर १४ असेल, २० असेल, नाहीतर ४०. एसटीच्या गाड्यांची बांधणी दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळचं चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथल्या कार्यशाळांत व्हायची. जिथे बांधली तिथलं पासिंग. नागपूरकडे जन्मलेली गाडी उभा जन्म म्हसळ्याच्या घाटात काढते. सुनांसारखं आहे हे. माहेरचं नाव कपाळावर आणि सगळे कष्ट इकडचे.

जीवना बंदरातल्या होड्यांनाही नंबर असतो. नाळेवर आधी आयएनडी, मग एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, मग यांत्रिक नौकेची खूण एमएम आणि शेवटी तिचा स्वतःचा क्रमांक. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून, पळवलेल्या मच्छीमार नौकेतून आले. तेव्हापासून नौकांच्या नोंदणीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं जातं. पण हा नंबर अजून हाताने रंगवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, निळा-भगवा रंग ओला असतो आणि कुणीतरी फळीवर बसून खाऱ्या वाऱ्यात ब्रश धरून आकडे गिरवत असतो. मी तिथे तासभर उभा राहू शकतो.

गाड्यांचं तसं राहिलं नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कारखान्यातून छापलेलीच पाटी लागते आणि पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या कोपऱ्यात वीस मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. माझ्या गाडीला ती बसवून घेतली तेव्हा पाच मिनिटंही लागली नाहीत. चोरीच्या गाडीवर खोटा नंबर लावणं यामुळे अवघड झालं आणि ते हवंच होतं. अंगठा फिरवला तर अक्षरं उठावाची लागतात. पण सात ताठ उभा आहे. अलिबागपासून गडचिरोलीपर्यंत तसाच.

बाबांची स्कूटर त्याच्या खूप आधी भंगारात गेली. पाटी तेवढी त्यांनी काढून ठेवली. वाडीच्या फाटकाची एक फळी कुजली होती, तिथून डुकरं आत शिरत. त्या भोकावर बाबांनी पाटी ठोकली. नंबर आतल्या बाजूला. "येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचत बसायला काय आहे त्यात," म्हणाले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर चढलं. दुपारी काही तास घरात कुणी कुणाशी बोललं नाही. वारा थांबला तेव्हा रोठा सुपारीची वाडी आडवी होती, आजोबांनी लावलेले माडसुद्धा. फाटक जागेवर नव्हतं. आळीभर पत्रे पसरले होते. कुणाच्या पडवीचे, कुणाच्या गोठ्याचे, कुणालाच ओळखता येईनात. लोक दुसऱ्याच्या अंगणातून पत्रे उचलत आणि आपला आहे का ते उलटून पाहून पुन्हा ठेवून देत. पुढे कितीतरी आठवडे वीज नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी खालच्या आळीतल्या काकू चिखलातून चालत आल्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं. वाळू पुसून त्यांनी ते बाबांपुढे केलं.

"भाऊ, आमच्या विहिरीपाशी पडलं होतं. उलटून बघितलं तर तुमची स्कूटर."

पांढरा रंग बराच उडाला होता. खालचा काळा वर आला होता आणि त्यात मानेत वाकलेला सात स्पष्ट दिसत होता. बाबांनी पाटी दोन्ही हातांत घेतली, काकूंना आत बसायला सांगितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाऊस सरल्यावर सुताराने नवं फाटक केलं. त्यातली एकही फळी कुजकी नव्हती. तरी बाबांनी चार खिळे मागून घेतले आणि पाटी ठोकली, या वेळी नंबर रस्त्याकडे ठेवून.