आराम

‘आराम’ हा शब्द मीं तीस वर्षें वर्गांत दोन प्रकारें शिकविला. संस्कृतांत आराम म्हणजे उपवन. फारशींतून मराठींत आलेला आराम म्हणजे विसांवा. शब्द दोन भाषांतून आलेले, मूळ मात्र एकच, असें सांगून मी पुढच्या श्लोकाकडे वळत असें. हे दोन अर्थ व्यवहारांत एकमेकांना किती बिलगून आहेत, हें मला गेल्या वर्षीं वैशाखांत, पुण्यास एका कुलूपबंद फाटकासमोर उमगलें.

आम्ही उभयतां तिसगांवचीं. नगर जिल्ह्याच्या या अवर्षणी भागांत उन्हाळा कोणाला चुकत नाहीं. परंतु आमच्या परसांत कडुनिंब आहे. फाल्गुनांत तो पानें झाडतो आणि चैत्रांत, ऊन तापूं लागतांच, नव्या पालवीनें भरून येतो. दुपारीं त्याखालीं बाज टाकली कीं वृत्तपत्र व डुलकी दोन्ही साधतात. चिरंजीवांच्या आग्रहावरून पुण्यास गेलों, तें बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, अगदीं गच्चीखालीं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडीत राही. तीन रात्री आमच्या सौभाग्यवतींचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. चवथ्या दिवशीं दुपारीं वीज गेली, पंखा थांबला आणि त्यांना घेरी आली.

समोरच सार्वजनिक बाग होती. तींत मोठा वड. त्यांना हळूहळू खालीं नेलें, तों फाटकास कुलूप! पाटीवर लिहिलें होतें : सकाळीं सहा ते दहा, सायंकाळीं चार ते आठ. पहारेकरी म्हणाला, “बाबा, नियम आहे.” गजांतून वडाची सावली दिसत होती आणि आम्ही उन्हांत उभे. अखेरीस रस्त्याकडेच्या एका करंजाखालीं बसलों. तेथें कलिंगडें विकणाऱ्या बाईनें आपला माठ पुढें केला. ओलें फडकें सौभाग्यवतींच्या मानेवर ठेवलें. शरीरांतलें पाणी आटलें होतें, सावली व पाणी वेळेवर मिळालें म्हणून निभावलें, असें डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें. घरीं आल्यावर त्या एवढेंच बोलल्या, “अहो, बाग होती, पण ती आपल्यासाठीं नव्हती.”

त्या वाक्यानें मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. झाडाचें काम दुहेरी आहे. ऊन तें स्वतः झेलतें, म्हणून खालची जमीन व जवळच्या भिंती तापत नाहींत. शिवाय मुळांनीं ओढलेलें पाणी तें पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपानें सोडतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती पानांतून व भोंवतालच्या हवेंतून घेतली जाते. म्हणूनच पत्र्याची सावली ती वडाची सावली नव्हे. अवर्षणांत झाड हीं छिद्रें आवळून घेतें व गारवा उणावतो, तरी छाया उरतेच. ही छाया म्हणजे चैन नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभांत भर उन्हांत बसलेल्यांपैकीं अनेक जण उष्माघातानें दगावले.

मनालाही हिरवाई हवी असते. रॉजर उलरिक यांनीं १९८४ सालीं पेनसिल्व्हानियांतील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखविलें कीं, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं ते रोगी, विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षां लौकर घरीं गेले.

आमच्या नगरांत फराहबाग आहे. १५८३ सालीं पूर्ण झालेल्या त्या महालाभोंवतीं तलाव व उपवन होतें. मुर्तजा निजामशहा तेथें विसांव्यास जाई. त्याच्या सुमारें अठराशें वर्षें आधीं अशोकानें आपल्या सातव्या स्तंभलेखांत, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविल्याचें कोरून ठेविलें. एक सावली राजाची, दुसरी वाटसरूची. आमच्या शहरांतल्या बागा कोणत्या कुळांतल्या? धर्मशास्त्रांत विहीर, तळें, अन्नदान यांच्या पंक्तीला ‘आराम’ बसविला आहे. तें पूर्तकर्म, म्हणजे लोकांसाठीं केलेलें पुण्य. भर दुपारीं पाणपोई बंद ठेवणाऱ्यास आपण काय म्हणूं?

चिरंजीवांनीं शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला आहे. मागणें फार नाहीं : चैत्र ते ज्येष्ठ बाग दुपारींही उघडी असावी, आणि आंत एक माठ असावा. वाचकांपैकीं कित्येकांच्या हातीं देवळाच्या, शाळेच्या वा संस्थेच्या आवाराच्या किल्ल्या असतील. त्यांना अर्जाचीही वाट पाहावी लागणार नाहीं. नवीं झाडें लावतांना मात्र गुलमोहराच्या फुलांवर भुलूं नये. फुलांनीं लाल झालेल्या त्या झाडावर ऐन उन्हाळ्यांत पानें थोडीं असतात. निंब, करंज, वड लावावे.

मी हें लिहीत असतां सौभाग्यवती निंबाखालीं चिंचा फोडीत बसल्या आहेत. नातू यंदाही पुण्यास बोलावीत आहे. त्या म्हणतात, “येतें म्हणावें, पण फाटक उघडलें का, तें आधीं विचारा.”