उलटी ज्वाला

अग्नीवाचून उड्डाण नाही. पक्ष्याच्या छातीतली ऊब असो की यंत्रातली ठिणगी, जमीन सोडायची तर कुठेतरी काहीतरी जळावेच लागते. ते कुठे जळावे, एवढाच प्रश्न उरतो.

चार आसनांचे ‘सेसना १७२’ हे विमान १९५५ साली प्रथम उडाले. पुढे ते चाळीस हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही विमानाच्या वाट्याला आली नाही. ते घडले अमेरिकेतील कान्सासच्या मैदानी मुलखात. तिथली हिवाळ्यातली सकाळ गोठलेली असते. थंडीत पेट्रोलची वाफ सहजी होत नाही आणि वाफ झाल्यावाचून ते यंत्रात पेट घेत नाही. म्हणून जुन्या विमानांत वैमानिक दट्ट्या दाबून थोडे कच्चे इंधन सिलिंडरांकडे आधीच पाठवतो. यंत्र रुसलेलेच राहते. तो आणखी दोनदा दट्ट्या दाबतो, थ्रॉटल अधीरपणे पुढे-मागे करतो. घात इथेच होतो. कार्बुरेटर यंत्राच्या तळाशी असतो. आत ओढले न गेलेले इंधन ओघळून तिथे साचते. मग एखादी ज्वाला उघड्या झडपेतून उलट फिरते आणि त्या साचलेल्या इंधनाला भेटते.

आसनावरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो धूर, किंवा बाहेर उभ्या असलेल्या कुणाचे हातवारे. अशा वेळी देहाची पहिली ओढ एकच : सारे सोडावे आणि पळावे. विमानाची पुस्तिका मात्र नेमके उलटे सांगते. स्टार्टर सोडू नका, यंत्र फिरवतच राहा. फिरणारे यंत्र श्वास आत घेते. त्या श्वासाबरोबर ज्वाला आणि साचलेले इंधन सिलिंडरांत ओढले जाते. यंत्र सुरू झाले, तर काही मिनिटे चालवून मग बंद करायचे आणि इजा तपासायची. सुरू झाले नाही, तर थ्रॉटल पूर्ण उघडायचा, मिश्रणाची कळ ओढून इंधन तोडायचे आणि तरीही फिरवत राहायचे. त्यानंतरच इंधनाची वाट आणि विजेची बटणे बंद करून बाहेर पडायचे, अग्निशामक नळकांडे हाती घ्यायचे.

भीतीने बोटे किल्लीवरून सुटली, तर आग नाकाशीच मुक्काम करते. म्हणून हा क्रम थंड यंत्रापुढे बसून पुन्हा पुन्हा घोकावा लागतो. घटका येते तेव्हा विचाराला सवड नसते. जे हाताला ठाऊक असते, तेवढेच कामी येते. चुलीच्या तोंडातून जाळ बाहेर येऊ लागला, की घरची बाई उठून पळत नाही. लाकूड आत सारते. तिला हे कोणत्या पुस्तिकेने शिकवलेले नसते.

१९९६ नंतरच्या ‘१७२’मध्ये कार्बुरेटर राहिला नाही, इंधन थेट फवारले जाते. सुरुवातीच्या आगीसंबंधीचा मजकूर पुस्तिकेत मात्र अद्याप आहे. साधन सुधारते, माणसाची अधीरता जुनीच राहते, हे तो मजकूर लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे.