टिचकीची भाषा

‘निवडणे’ हे काम आमच्या घरी तांदळाचे. संगणकावर मात्र शब्द निवडावे लागतात. माऊस दाबून ओढत नेला की शेवटचे अक्षर हमखास निसटते, पुन्हा पहिल्यापासून! त्यापेक्षा वर्डमध्ये शब्दावर दोनदा टिचकी मारावी, नेमका तो शब्द निवडला जातो. तीनदा मारली की अख्खा परिच्छेद. कंट्रोल दाबून एकदा मारली तर वाक्य. मजकूर लांबलचक असेल तर आरंभी टिचकी मारावी आणि शिफ्ट दाबून शेवटी दुसरी.

मी मराठी शाळेत शिकलेला. इथे बेळगावात कानडी मजकूरही टंकतो. दोन्हीकडे टिचकी तीच. शब्दाची सीमा तिला मोकळ्या जागेवरून कळते, भाषा ती विचारीत नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला एवढे सौजन्यही पुष्कळ वाटते.