मंडी मोहल्ल्यातले बसालेल

म्हैसूरच्या शिसवी इनलेत, म्हणजे लाकडात लाकूड जडवण्याच्या कलेत, सगळ्यात जपून करायचं काम गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. भिंतीवर टांगलेल्या चित्रात त्याला दसऱ्याचा हत्ती दिसतो, अंबारी दिसते, मागे राजवाड्याचे घुमट दिसतात. यातल्या प्रत्येक तुकड्याखाली शिसवाच्या फळीत पटाशीनं कोरलेला एक उथळ खळगा असतो. त्याचा तळ सपाट नसेल तर वरचा तुकडा पोकळीवर बसतो. दुकानात ते कळत नाही. काही पावसाळे गेले, लाकूड फुगलं, आकसलं, की मग हत्तीच्या कानाचा कोपरा उचलला जातो. तोवर चित्र कुठल्या तरी लांबच्या दिवाणखान्यात पोचलेलं असतं आणि कारागिराला जाब विचारायला कुणी येत नाही. म्हणजे तळ सपाट करायचा की नाही, हे कारागीर आणि देव या दोघांतच ठरतं.

मी मूळचा नगरचा. आमच्या घरात सुतारकी आली ती मिशनमुळे. अमेरिकन मराठी मिशननं नगरमध्ये लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम आणि विणकामही शिकवलं. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला रंधा कधी येणार नव्हता, त्यांच्या हातात तो आला. आमच्या वडिलांनी दारं-खिडक्या केल्या, चर्चचे बाक केले. मी पुढे म्हैसुरात आलो आणि मंडी मोहल्ल्यातल्या एका उस्तादांकडे इनले शिकलो. घरात मराठी, रविवारी सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) मंडळीत कन्नड उपासना आणि कारखान्यात उस्तादांची दख्खनी, अशा तीन भाषांत माझं आयुष्य गेलं.

मंडळीतली माणसं, विशेषतः तरुण संघातली मुलं, मला विचारतात, 'अंकल, या कामातून देव तुम्हाला काय शिकवतो?' त्यांना अपेक्षित असलेलं उत्तर मला ठाऊक आहे. फणसाचं पिवळं, सागाचं तपकिरी, शिसवाचं काळसर, अशी वेगवेगळी लाकडं एकत्र येऊन एक चित्र होतं, तसे आपण सगळे ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव. हे खोटं नाही. पौलानं करिंथकरांना हेच समजावलं. पण त्यासाठी हातात पटाशी धरायची गरज नव्हती, ते मला रविवारच्या शाळेतच ठाऊक होतं. आधीच माहीत असलेलं वचन कामावर नेऊन चिकटवणं निराळं आणि कामानं स्वतःहून आपल्याला अडवणं निराळं. मला विश्वास ठेवावासा वाटतो तो या दुसऱ्या धड्यांवर.

त्यासाठी काम थोडं समजून घ्या. आधी कागदावर चित्र काढायचं. त्याच्या नकला करून प्रत्येक भागाचा कागद त्या त्या रंगाच्या पातळ लाकडावर चिकटवायचा आणि बारीक दात्यांच्या करवतीनं तुकडे कापायचे. आम्ही लाकूड रंगवत नाही. आभाळाला आभाळाच्या जवळ जाणारं लाकूड शोधायचं. पाण्याला ज्याच्या रेषा आडव्या वाहतात असा तुकडा घ्यायचा. हत्तीच्या सोंडेला रेषा सोंडेबरोबर वळलेली हवी, आणि ती मिळेपर्यंत ढीग उपसत बसायचं. मग तुकडे शिसवाच्या फळीवर मांडून टोकदार हत्यारानं त्यांची कड आखायची, आतलं लाकूड कोरून काढायचं, सरस लावून तुकडे बसवायचे, दाबून ठेवायचे. शेवटी घासणं, बारीक रेघा कोरणं आणि पॉलिश.

कोरताना कड थोडी जास्त गेली तर फट पडते. फट भरायची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. शिसवाचाच भुसा सरसात कालवून दाबायचा. पॉलिशखाली ते सहज लपतं. माझे उस्ताद तुकडा पुन्हा कापायला लावायचे. 'जल्दी नक्को, लकडी कू बैठने देव,' एवढंच म्हणायचे. ते धर्मावर बोलत नसत. नमाजाची वेळ झाली की हत्यारं पुसून ठेवत, परत येऊन त्याच जागी बसत. पण न दिसणाऱ्या जागेतला प्रामाणिकपणा मी त्यांच्याकडून शिकलो आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याविषयीचं बोलणं मला तिथे, त्या भुशात, पहिल्यांदा नीट उमगलं.

एका मुसलमान उस्तादाकडून ख्रिस्ती माणसानं विश्वासाची गोष्ट शिकावी, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. शलमोनानं यरुशलेमात मंदिर बांधलं तेव्हा गंधसरूचं लाकूड तोडायला सोरच्या हीराम राजाची माणसं बोलावली, कारण सीदोनी लोकांसारखं लाकूड तोडणारं आपल्यात कुणी नाही, हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. देवाच्या घराला परक्यांचा हात चालला. आपल्याला मात्र तो कधी कधी चालत नाही.

त्याहून जुनी गोष्ट निर्गमाच्या पुस्तकात आहे. रानात निवासमंडप उभारायचा होता. त्यासाठी देवानं नाव घेऊन बोलावलेला आणि आपल्या आत्म्यानं भरलेला माणूस म्हणजे बसालेल. तो संदेष्टा नव्हता, राजा नव्हता. सोनं-रुपं घडवणारा, रत्नं जडवणारा, लाकूड कोरणारा कारागीर होता. त्याच्याबरोबर अहलियाब होता. दोघांना आणखी एक देणगी दिली होती, ती म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याची. या ओळीवरून प्रवचन झालेलं मी फार क्वचित ऐकलं आहे. आत्म्यानं भरणं म्हटलं की आपल्याला गाणं आणि प्रार्थनाच आठवते. हातोडी धरलेला हात आठवत नाही.

आणि त्या मंडपाचं लाकूड कोणतं, तर बाभूळ. सुताराच्या मुलाला हे वाचून थांबावंच लागतं. आमच्याकडे बाभूळ म्हणजे औत, कुळव, बैलगाडीचं चाक. काटेरी, वेडंवाकडं, चिवट झाड. शोभेच्या कामाला तिला कुणी हात लावत नाही. कराराचा कोश त्या लाकडाचा केला आणि आतून-बाहेरून सोन्यानं मढवला. सोन्याखाली बाभूळच राहिली.

शिसवाचं उलट आहे. ते मुळातच देखणं, म्हणून राजांनी ते उचललं. म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा 1897 साली जळाला. हेन्री आयर्विननं आराखडा केलेला नवा राजवाडा 1912 मध्ये पुरा झाला. आतल्या शिसवी दारांवर हस्तिदंताचं जडावकाम आहे. मी ती दारं पुष्कळ वेळा पाहिली आहेत. कलाकुसर म्हणून त्यांच्यापुढे मान झुकते. पण इतकं शुभ्र पांढरं मिळवायला काय मोजावं लागलं, हा प्रश्नही त्याच दारात उभा राहतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला. आता पांढऱ्याच्या जागी फिकट लाकूड येतं किंवा प्लास्टिक येतं. जुनी जाणकार माणसं म्हणतात, ती चमक गेली. गेली खरी. फिकट लाकूड काही वर्षांत पिवळसर पडतं. तरी मला हे पिवळं पडणारं पांढरं जास्त आवडतं. ज्या सौंदर्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा लागतो ते सोडून द्यायला एका कायद्यानं आम्हाला भाग पाडलं. खरं म्हणजे ते सुवार्तेनं आधीच सांगायला हवं होतं, आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते ऐकायला हवं होतं.

आता प्रभूकडे येतो. लूक सांगतो की येशूनं सेवेला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. त्याआधीच्या नासरेथातल्या वर्षांविषयी शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. मार्कात गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखतात, तेही हिणवून. त्याचे दाखले बहुतेक शेतातले, घरातले, तळ्यावरचे आहेत: पेरणारा, खमीर, हरवलेलं नाणं, जाळं. मग सुतारकी कुठे गेली? मला ती त्याच्या बोलण्यात अधूनमधून सापडते. डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ हे लाकडावर काम करणाऱ्याचं बोलणं आहे. कापताना डोळ्यात कण गेला की शेजारच्यालाच काढायला सांगावं लागतं, आणि त्याची नजर स्वच्छ नसेल तर डोळा जातो. वधस्तंभाकडे नेत असतानाही ओल्या आणि वाळल्या लाकडातला फरक त्याच्या तोंडी आला.

सगळ्यात जास्त मी ज्यावर विचार केला ते म्हणजे जू. माझं जू सोयीचं आहे, असं तो थकलेल्या माणसांना सांगतो. आमच्या वडिलांनी जोखडं केली होती. बैलाच्या मानेवर जिथे ते टेकतं ती जागा नीट घासली नाही, तर मान सोलवटते, खांदा येतो, आणि मुकं जनावर तक्रार न करता ओढत राहतं. प्रत्येक बैलाची मान वेगळी. चांगला सुतार मान पाहून जू करतो. येशूनं ओझंच नाही असं म्हटलं नाही. बसेल असं करून देतो, असं म्हटलं. माझ्यापुरता मी हाच अर्थ धरला आहे आणि मुलगे-मुली वाढवताना, शिकाऊ पोरांना काम सांगताना तो मला उपयोगी पडला.

एक अडचण मला टाळायची नाही. मी गणपतीची, गीतोपदेशाची चित्रं करतो. म्हैसुरात इनले करायचं तर ती करावीच लागतात. माझ्या मंडळीतल्या काहींना हे पटत नाही, आणि त्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. मी त्या चित्रापुढे हात जोडत नाही. पण जो माणूस ते श्रद्धेनं घरी नेणार आहे, त्याला भुसा भरलेलं चित्र देणं हे माझ्या देवासमोर पाप आहे. क्रूसाखालचा खळगा सपाट आणि गणपतीखालचा ओबडधोबड, असं मी केलं तर माझा विश्वास वाढत नाही, माझी सुतारकी तेवढी खोटी ठरते.

कामाचा आणि विश्वासाचा असा मेळ आपल्या मराठी मंडळीत कुणी घातला असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्यांचा जन्म 1858 चा, याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी टाकलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या मुलींना नुसतं वचन शिकवलं नाही, विणकाम, शिवण, शेती, छापखाना शिकवला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायामुलींनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. तो हाती घेतला की मला आधी त्या खिळे जुळवणाऱ्या बोटांची आठवण होते. शिशानं काळी झालेली ती बोटं हीच माझ्या लेखी त्या ग्रंथाची पहिली टीका.

मंडी मोहल्ल्यातल्या गल्ल्यांत आज काम कमी झालं आहे. शिसव महाग आहे, लेझरनं कापलेले तुकडे स्वस्त पडतात, मुलं मोबाइल दुरुस्तीकडे जातात. लेझरची कड जळकी, तपकिरी राहते. पण यंत्राशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मजुरीशी. याच मोहल्ल्यात 1906 मध्ये मिशनचं होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय सुरू झालं, बायका-मुलांसाठी. आजारी कारागिराचं घर त्या दारात जातं. पण तो आजारी पडण्याआधी त्याच्या कामाचे पैसे वेळेवर दिले असते, तर काही दुखणी दारापर्यंत आलीच नसती.

याकोबाचं पत्र याबाबतीत फार कडक आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं तो श्रीमंतांना बजावतो. हा याकोब प्रभूचा भाऊ, असं परंपरा मानते. म्हणजे त्याच सुताराच्या घरात वाढलेला. थकलेले पैसे त्या घरानंही पाहिले असतील. मोशेचं नियमशास्त्र तर मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगतं. एका मंडळीनं आमच्याकडून वेदीसाठी मोठा शिसवी क्रूस करून घेतला, समर्पणाची उपासना थाटात झाली, गाणी झाली, आणि कारागिरांचे पैसे कित्येक महिने आले नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या, त्या क्रूसाच्या कडा घासलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्यांत शाळेची फी थकली होती. त्या उपासनेत देवाच्या कानी काय गेलं असेल, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो.

म्हणून ही विनंती आहे. तुमच्या मंडळीनं कुणा सुताराला, गवंड्याला, रंगाऱ्याला काम सांगितलं असेल आणि त्याचे पैसे राहिले असतील, तर येत्या रविवारच्या उपासनेआधी ते त्याच्या घरी जाऊन देऊन या.